पोलिक्सेना : बाळ येशूची मूर्ती देणारी, आणि त्याआधी बरंच काही करणारी

वसईची_लेक

आजीच्या वेदीवर प्रागच्या बाळ येशूची मूर्ती होती. फूटभर उंचीची, प्लास्टरची, उजवा हात आशीर्वादाला उचललेला, डाव्या हातात क्रूस लावलेला गोळा. नाताळ जवळ आला की आजी तिच्यासाठी नवा झगा शिवायची. ब्लाउजातून उरलेलं सॅटिन, कडेला लेस, मागे बटणाऐवजी दोन टाचण्या. झगा चढवताना मूर्तीचं बोट मोडू नये म्हणून आधी स्वतःचं बोट बाहीत घालून वाट मोकळी करायची, मग हळूच तो चिमुकला हात आत सरकवायची. शेजारी उभी राहून मी टाचण्या धरायची.

नोव्हेनाच्या, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या, पुस्तिकेत मूर्तीची हकीकत असे आणि तिच्यात एक ओळ पोलिक्सेना नावाच्या राजकुमारीची. स्पेनहून आईने आणलेली मूर्ती तिने प्रागच्या कार्मेलाइट मठाला दिली, एवढंच. पुढे सगळं मूर्तीबद्दल. ही बाई कोण, हे आजीला विचारलं तर म्हणाली, ‘भक्त होती.’ बरीच वर्षं माझीही तेवढीच समजूत होती. गेली दोन वर्षं मिळेल ते वाचते आहे आणि आता वाटतं की त्या एका ओळीने या बाईवर फार अन्याय केला आहे. भक्त ती होतीच. पण त्या काळच्या बोहेमियाच्या, म्हणजे आजच्या चेकियातल्या प्राग भोवतालच्या राज्याच्या, राजकारणात जी मोजकी माणसं खरोखर वजन राखून होती, त्यांतली ती एक होती, आणि तेही कुठलंही पद हाती नसताना. तिची सगळी ताकद घरात होती. घर म्हणजे नाती, पत्रं, जमिनी, पाहुणे आणि एक दार. त्या दाराची गोष्ट पुढे येईलच.

पोलिक्सेना जन्मली १५६६ मध्ये, पेर्नश्टाइन घराण्यात. वडील व्रातिस्लाव्ह हे बोहेमियाचे सर्वोच्च चॅन्सेलर. म्हणजे राजाचं दफ्तर त्यांच्या हाती, राजाज्ञा त्यांच्या कचेरीतून बाहेर पडणार. खर्चाचा हात इतका सढळ की लोक त्यांना ‘दिमाखदार’ म्हणत. लितोमिश्लचा सुंदर वाडा त्यांनी १५६८ पासून बांधायला घेतला, तो आज जागतिक वारसा यादीत आहे. आई मारिया मान्रिके दे लारा स्पॅनिश सरदारकन्या. स्पेनची राजकन्या मारिया पुढे सम्राट झालेल्या माक्सिमिलियनची राणी म्हणून इकडे आली, तिच्या परिवारातून ही आली आणि इथल्या उमरावाशी तिचं लग्न झालं. मुलं वीसेक झाली, त्यांतली बरीच लहानपणीच गेली. घरात स्पॅनिश चालायची, पेहराव स्पॅनिश, आणि धर्म कॅथलिक. हे शेवटचं महत्त्वाचं आहे, कारण बोहेमियात तेव्हा कॅथलिक अल्पसंख्य होते. धर्मसुधारक यान हुसच्या काळापासून तिथल्या बहुतेक लोकांनी रोमशी फारकत घेतली होती आणि पुढे लुथरपंथीही वाढले होते.

१५८२ मध्ये वडील ऑग्सबर्गच्या सभेहून परतताना डॅन्यूब नदीवर नावेतच वारले. पोलिक्सेना सोळा वर्षांची. मागे राहिलं काय, तर मोठं नाव आणि त्याहून मोठं कर्ज. आई मुलींना घेऊन प्राग किल्ल्यातल्या वाड्यात राहिली. सम्राट रुडॉल्फने राजधानी प्रागला आणली होती, त्यामुळे स्पेनचा वकील, पोपचा वकील, येशूसंघाचे फादर यांची ये-जा तिथेच. या विधवेच्या दिवाणखान्यात बसून कोणाला कुठलं पद मिळावं याची बोलणी होत. मुली हे सगळं ऐकत मोठ्या झाल्या. एक बहीण माद्रिदच्या राजघराण्याच्या मठात जोगीण झाली. दुसरी, बिबियाना, संत अलॉयसियस गोंझागाच्या भावाला दिली. एक अरागॉनमधल्या एका ड्यूकला. पैसा नव्हता, पण नाती थेट माद्रिद आणि इटलीपर्यंत पसरलेली होती.

पोलिक्सेनाचं लग्न १५८७ मध्ये विलेम रोझेम्बेर्कशी झालं. तो राज्यातला राजाखालोखालचा सरदार, पन्नाशी ओलांडलेला, आणि ती त्याची चौथी बायको. पहिल्या तिघी जर्मन राजघराण्यांतल्या, तिघीही मूल न होता गेल्या. विलेमला वारस हवा होता. तो झाला नाही. पाच वर्षांत, १५९२ मध्ये, विलेम गेला आणि सव्विसाव्या वर्षी ती विधवा झाली. पण त्याने तिच्या नावे एल्ब नदीकाठची रौडनित्सेची जहागीर केली होती. पुढची अकरा वर्षं तिने लग्न केलं नाही.

मला ही अकरा वर्षं सर्वांत मोलाची वाटतात. रोझेम्बेर्कची सगळी दौलत धाकटा भाऊ पेत्र व्होकला गेली आणि तिच्यासोबत कर्जही. १६०२ पर्यंत त्याला चेस्की क्रुम्लोव्हसारखं मूळ ठाणं सम्राटाला विकावं लागलं. पोलिक्सेनाची रौडनित्से मात्र टिकली. बापाघरचं कर्ज तिने पाहिलं होतं, नवऱ्याघरचंही. माहेर-सासर दोन्ही बाजूंनी कर्जाने ग्रासलेली ही बाई स्वतःची जमीन सांभाळून, कोणाची मिंधी न होता राहिली.

दुसरं लग्न १६०३ मध्ये, झ्देनेक वोय्तेख लोब्कोवित्सशी. तो १५९९ पासून सर्वोच्च चॅन्सेलर, म्हणजे तिच्या वडिलांच्याच गादीवर बसलेला. या दोघांचा संसार मात्र बरोबरीचा होता. त्यांनी एकमेकांना लिहिलेली पत्रं आजही आहेत. दरबारात काय चाललंय ते तो कळवतो, ती शेतीवाडीचं आणि प्रागच्या बातम्यांचं कळवते, आणि दोघं एकमेकांचा सल्ला घेतात. १६०९ मध्ये, तिच्या बेचाळिसाव्या-त्रेचाळिसाव्या वर्षी, त्यांना मुलगा झाला. वाक्लाव्ह एउसेबियस. एकुलता एक.

जमेल तसं पुढचं प्रतिसादांत लिहीन. १६१८ वर, म्हणजे प्राग किल्ल्याच्या खिडकीतून राजाची माणसं फेकली त्या घटनेवर, स्वतंत्र लिहायचंय.

दस्तऐवज

उत्तम सुरुवात. १६०९ साल आलंच आहे तर एक भर घालतो. त्याच वर्षी रुडॉल्फने बोहेमियातल्या प्रॉटेस्टंट सरदारांना आणि शहरांना धर्मस्वातंत्र्याचं राजपत्र दिलं. असं राजपत्र चॅन्सेलरच्या सहीने निघायला हवं. तिच्या नवऱ्याने सही करायला नकार दिला, माझा विवेक याला परवानगी देत नाही म्हणाला. राजपत्र त्याच्या सहीविनाच निघालं. घरात पाळणा हलत होता आणि बाहेर अख्खा देश या माणसावर चिडलेला होता. नऊ वर्षांनी जे झालं त्याचं मूळ याच राजपत्रात आहे. दोन ठिकाणच्या प्रॉटेस्टंट चर्चवरून वाद पेटला, आणि राजपत्र मोडलं जातंय अशी सरदारांची तक्रार होती. ती तक्रार खोटी नव्हती, हे नमूद करून ठेवतो.

कोलवेंकार

आमच्या कोलव्याचा मेनिनो जेझूस याच मूर्तीची प्रत आहे का? ऑक्टोबरात फामाला आम्ही दरवर्षी जातो. मूर्ती वर्षातून त्याच वेळी दर्शनाला बाहेर काढतात. लहानपणापासून ऐकतोय की तो प्रागचाच.

वसईची_लेक

@कोलवेंकार, नाही, ती परंपरा वेगळी. कोलव्याची मूर्ती बेंतो फेरैरा या येशूसंघीय फादरशी जोडलेली आहे. ती मोझांबिकच्या किनाऱ्यावर सापडली आणि त्यांनी सतराव्या शतकाच्या मध्यात कोलव्याला आणली, अशी तिची कथा. दोन्ही बाळ येशू, दोन्हींचा काळही जवळपास एकच, पण वाटा निराळ्या. एक पोर्तुगालच्या समुद्रवाटेने आली, दुसरी स्पेनच्या सोयरिकीने. त्या काळी स्पेन-पोर्तुगालमध्ये बाळ येशूच्या अशा कपडे घालायच्या मूर्ती घराघरांत आणि मठामठांत असत, म्हणून त्या बहिणींसारख्या दिसतात.

मीनल_नाशिक

नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला फेब्रुवारीत आमच्या गल्लीतून सगळे जातात, हिंदूसुद्धा. वसई, मुंबई, गोव्याहून गाड्या भरून लोक येतात. मेणबत्त्या, नवसाला बोललेले मेणाचे हात-पाय, मेणाची घरं आणि बाळं. मी शाळेत असल्यापासून जाते, पण हे नाव आज पहिल्यांदा ऐकलं. १६१८ ची वाट बघतेय.

प्रागची_ट्राम

मी इथे नोकरीनिमित्त सात वर्षं आहे. पोलिक्सेनाचा वाडा पाहायचा असेल तर प्राग किल्ल्याच्या पूर्वेकडच्या टोकाला जावं लागतं. आज त्याला लोब्कोवित्स वाडा म्हणतात, मूळ पेर्नश्टाइनांचा. तिच्यामार्फतच तो लोब्कोवित्सांकडे आला. किल्ल्याच्या आवारातली ही एकमेव खासगी मालकीची वास्तू. १९४८ नंतर कम्युनिस्ट सरकारने काढून घेतली होती, २००२ मध्ये घराण्याला परत मिळाली आणि २००७ पासून तिथे संग्रहालय आहे. आत स्पॅनिश पद्धतीच्या व्यक्तिचित्रांचा मोठा संग्रह आहे. काळे, ताठ, गळ्यापर्यंत बंद पोशाख आणि भोवती पांढरी चुणीदार कॉलर. तिच्या आईचं एक चित्र आहे, शेजारी लहान मुलगी उभी. मी त्यासमोर बराच वेळ थांबले होते. प्रागच्या थंडीत राहून माद्रिदची शिस्त जराही न सोडलेली बाई.

१६१८ मध्ये ज्या खिडकीतून माणसं फेकली ती जुन्या राजवाड्यात आहे. तिथून या वाड्यापर्यंत चालत जेमतेम पाच मिनिटं. ते अंतर पायांखाली घातलं तेव्हा मला ती घटना समजली.

वसईची_लेक

@प्रागची_ट्राम, ही ‘पाच मिनिटं’ मला हवीच होती. तर १६१८.

सम्राट, आता रुडॉल्फनंतरचा माथियास, तेव्हा व्हिएन्नाला. पोलिक्सेनाचा नवराही तिथेच, दरबारात. बोहेमियाचा कारभार राजाच्या वतीने काही नेमलेले सरदार पाहत होते आणि त्यांतले दोन प्रॉटेस्टंटांच्या डोळ्यांत विशेष सलत होते : विलेम स्लावाता आणि यारोस्लाव्ह मार्तिनित्स. २३ मे च्या सकाळी प्रॉटेस्टंटांचा पुढारी काउंट थुर्न आणि त्याच्यासोबतचे सरदार हत्यारांनिशी किल्ल्यातल्या कचेरीत शिरले. राजपत्र मोडलंत, तुम्ही देशाचे वैरी आहात, असा जाब विचारला. मग मार्तिनित्सला उचलून खिडकीबाहेर टाकलं. स्लावाता चौकट धरून लोंबकळला, तेव्हा हातांवर घाव घालून त्याची पकड सोडवली. मागोमाग कारकून फाब्रिसियस. खिडकी ते खंदक सुमारे २१ मीटर, आणि तिघंही जगले. कॅथलिक म्हणाले, पवित्र मरियेने झेललं. प्रॉटेस्टंट म्हणाले, खाली शेणा-कचऱ्याचा ढीग होता. फाब्रिसियस उठून चालू लागला आणि व्हिएन्नाला जाऊन पहिली बातमी त्यानेच दिली. स्लावाताच्या डोक्याला जबर मार होता. वरून गोळ्या सुटत होत्या. नोकरांनी त्या दोघांना उचलून जवळच्या ज्या घरात नेलं, ते पोलिक्सेनाचं.

आता तिच्या जागी उभं राहून बघा. नवरा व्हिएन्नात. मुलगा नऊ वर्षांचा. स्वतः पन्नाशी पार केलेली. घरात दोन माणसं, एक रक्तबंबाळ, आणि ज्यांनी त्यांना मारायला फेकलं ते हत्यारबंद लोक पाच मिनिटांवर. थुर्न आला. माणसं आमच्या हवाली करा म्हणाला. तिने दिली नाहीत. काय बोलली ते शब्दशः कोणी लिहून ठेवलेलं मला सापडलेलं नाही, पण झालं ते सर्वमान्य आहे : थुर्न रिकाम्या हाताने परतला.

तो का परतला, यावर मी खूप विचार केला. तिच्याकडे शिपाई असते तरी थुर्नच्या लोकांपुढे टिकले नसते. दार मोडणं त्याला अवघड नव्हतं. पण ते दार कोणाचं होतं? चॅन्सेलरच्या लेकीचं, चॅन्सेलरच्या बायकोचं, रोझेम्बेर्कच्या विधवेचं. थुर्नसोबतच्या निम्म्या सरदारांशी तिची कुठून ना कुठून सोयरीक, देवाणघेवाण, जमिनीचा शेजार. ते लोक स्वतःला बंडखोर मानत नव्हते, आम्ही देशाच्या रीतीसाठी भांडतोय असं म्हणत होते. मग त्याच रीतीतल्या पहिल्या दर्जाच्या बाईच्या उंबऱ्यावर हात कसा टाकणार? तीस वर्षं जोडलेली नाती त्या एका तासात कामी आली.

मार्तिनित्स वेष बदलून निसटला आणि बव्हेरियाला पोहोचला. स्लावाताला हलवता येण्यासारखं नव्हतं, तो प्रागमध्येच राहिला आणि पुढे सॅक्सनीत गेला. दोघंही म्हातारे होऊन अंथरुणावर मेले.

जुनी_वही

हे वाचताना अंगावर काटा आला. एक शंका. थुर्नने त्यांना तिथेच सोडलं ते ‘मेल्यातच जमा आहेत’ असं समजून तर नाही?

दस्तऐवज

स्लावाताच्या बाबतीत तसं वाटलं असू शकेल. मार्तिनित्स मात्र चालता-फिरता होता. आणि या लोकांचा हेतू काय होता तेही बघायला हवं. खिडकीतून फेकणं ही प्रागची जुनी रीत. १४१९ मध्ये हुसपंथीयांनी नगरसभेच्या लोकांना असंच फेकलं होतं. थुर्नला त्या घटनेची आठवण करून द्यायची होती. जाहीर शिक्षा वेगळी आणि एका बाईच्या घरात शिरून जखमी माणसाला ठार करणं वेगळं, एवढा फरक त्यांच्या मनात होता. त्याचं श्रेय मी त्यांनाही देईन.

पण मला आता कडू बोलायचं आहे, धागाकर्तीने राग मानू नये. ८ नोव्हेंबर १६२० ला प्रागजवळच्या श्वेतगिरीच्या लढाईत प्रॉटेस्टंट सरदार हरले. २१ जून १६२१ ला जुन्या चौकात २७ जणांना देहदंड झाला. मग जप्त्या सुरू झाल्या. बोहेमियातल्या जमिनींचा फार मोठा हिस्सा काही वर्षांत एका हातातून दुसऱ्या हातात गेला. त्यातच नाण्यात खोट मिसळून पैशाची किंमत पाडली गेली आणि ज्यांचा दरबारात वशिला होता त्यांनी वतनं मातीमोल भावात उचलली. ज्या दाराने दोघांना वाचवलं त्या घराची भरभराट याच काळात झाली. नवरा साम्राज्याचा प्रिन्स झाला. १६२७ मध्ये नवा राज्यकायदा आला : कॅथलिक व्हा नाहीतर देश सोडा. तेव्हा चॅन्सेलर कोण? तोच, ज्याचा विवेक १६०९ मध्ये सही करू देत नव्हता. आणि १६२८ मध्ये, ज्या वर्षी पोलिक्सेनाने मूर्ती दिली, त्याच वर्षी कोमेनियस बायको घेऊन बोहेमिया कायमचा सोडून गेला. शिक्षणशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाने ज्याचं नाव वाचलेलं असतं, तो कोमेनियस.

ती मूर्ती जिथे आहे ते चर्चही बघा. १६११ ते १६१३ मध्ये जर्मन लुथरपंथीयांनी स्वतःच्या पैशाने बांधलेलं. १६२४ मध्ये ते काढून कार्मेलाइटांना दिलं आणि नाव ठेवलं ‘विजयाची माता’. विजय कोणावरचा, हे सांगायला नको.

मीनल_नाशिक

हे अजिबात माहीत नव्हतं. वाचून वाईट वाटलं.

वसईची_लेक

@दस्तऐवज, राग कसला. हे सगळं खरं आहे आणि मूळ लेखात मीच लिहायला हवं होतं. दोन दिवस उत्तर लिहिलं नाही कारण काय लिहावं सुचत नव्हतं.

माझ्याकडची भर एवढीच. १६२३ मध्ये तिने नेलाहोझेवेसचा वाडा आणि जहागीर ग्रीसपेक घराण्याकडून विकत घेतली, स्वतःच्या नावावर. व्ल्ताव्हाकाठी, भिंतींवर चुन्यात कोरलेली चित्रं असलेला देखणा वाडा. याच गावात वाड्याच्या पायथ्याशी १८४१ मध्ये संगीतकार द्वोर्झाक जन्मला. ती बाजारभावातली साधी खरेदी होती की पडत्या काळाचा फायदा, याचा कस लावायला माझ्याकडे आकडे नाहीत. पण तो काळ विकणाऱ्याचा नव्हता, हे उघड आहे.

ती निष्पाप होती असं मी म्हणणार नाही. तिची एक बाजू होती आणि ती बाजू जिंकली. जिंकल्यावर हरलेल्यांसाठी तिने शब्द टाकल्याचं मी अजून कुठे वाचलेलं नाही. तरीही २३ मे चा तो तास मला तिच्याकडून काढून घेता येत नाही, कारण त्या दिवशी कोण जिंकणार हे कोणालाच ठाऊक नव्हतं. उलट पुढची अडीच वर्षं तिची बाजू हरत होती. चॅन्सेलरचं पद बंडवाल्यांनी दुसऱ्याला दिलं. तेव्हा दार बंद ठेवण्यात तिला फायदा काहीच नव्हता, धोका मात्र होता.

आणि मूर्तीबद्दल. १६२८ च्या जूनमध्ये झ्देनेक वारला. मूर्ती दिली तीही त्याच वर्षी. परंपरा सांगते की ती आईकडून तिला लग्नात मिळाली होती. अविलाच्या संत तेरेसाचा हात लागलेली, असंही सांगतात. ती श्रद्धेची गोष्ट, तिला पुरावा मागू नये. देताना ती म्हणाली म्हणे, ‘मला जे सर्वांत प्रिय आहे ते तुम्हाला देते.’ मी याकडे बाईमाणसाच्या नजरेने बघते. पंचवीस वर्षांचा जोडीदार गेलेला. आई १६०८ मध्येच गेलेली. मुलगा विशीच्या उंबऱ्यावर, बाहेर पडणारा. आजीने वेदीवरची मूर्ती मरण्याआधी काकूकडे दिली, तेव्हा तिचे झगे वेगळ्या डब्यात घालून दिले होते, प्रत्येकावर कागदाची चिठ्ठी टाचून : हा नाताळचा, हा ईस्टरचा.

प्रागची_ट्राम

झग्यांचं लिहिलंत म्हणून. हेल्लिखोवा थांब्यावर उतरून दोन मिनिटं चाललं की ते चर्च. बाहेरून साधं आहे, लोक पुढे निघून जातात. मूर्ती उजव्या हाताच्या वेदीत, काचेमागे, सोन्याच्या लखलखाटात इतकी लहान की आधी दिसतच नाही. जेमतेम दीड फूट. आत लाकूड, वर मेण. मेणाची असल्यामुळे झगा घालणं फार जोखमीचं. मठातल्या सिस्टर ते करतात, पूजाकालाच्या रंगाप्रमाणे : उपासकाळात जांभळा, सणाला पांढरा, हुतात्म्यांच्या दिवशी लाल, एरवी हिरवा. जगभरातून आलेले शंभराहून जास्त झगे आहेत. वरच्या मजल्यावर छोटं संग्रहालय आहे, तिथे सम्राज्ञी मारिया तेरेसाने १७४३ मध्ये दिलेला झगा ठेवला आहे. हिरवा, सोनेरी भरतकामाचा. तिने स्वतः शिवला असं म्हणतात. तुमच्या आजीचं ‘बाहीत आधी आपलं बोट’ वाचलं आणि त्या सिस्टर आठवल्या.

जुनी_वही

मूर्ती दिल्यावर पोलिक्सेनाचं पुढे काय झालं? आणि मुलगा?

वसईची_लेक

ती १४ वर्षं जगली. खिडकीच्या त्या दिवसापासून पेटलेल्या तीस वर्षांच्या युद्धाचा मधला, सर्वांत वाईट काळ. १६३१ तिच्यासाठी काय गेलं असेल, याची कल्पना करवत नाही. त्या वर्षी सख्ख्या भावाचा मुलगा, व्रातिस्लाव्ह एउसेबियस, लढाईत पडला आणि पेर्नश्टाइनांचा पुरुषवंश संपला. ज्या घराने तिला वाढवलं त्याचं नाव पुढे चालवणारा कोणी उरला नाही. त्याच वर्षाच्या शेवटी सॅक्सनीचं सैन्य प्रागमध्ये शिरलं. कार्मेलाइट पळाले, चर्च लुटलं गेलं, मूर्तीचे हात मोडून ती वेदीमागच्या अडगळीत फेकली गेली. सहाएक वर्षांनी फादर सिरिल परतले तेव्हा त्यांना ती धुळीत सापडली. हात दुरुस्त करून घेतले आणि तिथून आज माहीत असलेली भक्ती सुरू झाली. म्हणजे तिने दिलेली मूर्ती तिच्या डोळ्यांदेखत मोडली आणि डोळ्यांदेखत पुन्हा उभी राहिली. २४ मे १६४२ ला ती गेली, प्रागमध्येच. खिडकीच्या त्या दिवसाला २४ वर्षं पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी.

मुलगा मोठा झाला. सागानचा ड्यूक, पुढे सम्राट लिओपोल्डचा प्रमुख मंत्री. १६७४ मध्ये मर्जीतून उतरला आणि रौडनित्सेला धाडला गेला. तिथला आजचा भव्य वाडा त्यानेच १६५२ पासून बांधून घेतला होता. आईने सांभाळलेल्या जहागिरीवर त्याचे शेवटचे दिवस गेले.

दस्तऐवज

शेवटी एक गोष्ट, माझ्या कडू प्रतिसादाची भरपाई म्हणून नव्हे, पण ती या धाग्यात असायला हवी. १६५५ च्या एप्रिलमध्ये बाळ येशूच्या मूर्तीवर बिशपच्या हस्ते मुकुट चढवला गेला. त्या राज्याभिषेकाचा सण तिथे अजून पाळतात. मुकुट दिला बोहेमियाच्या सर्वोच्च बुर्गग्राफने, म्हणजे एके काळी विलेम रोझेम्बेर्क ज्या पदावर होता त्या पदावरच्या माणसाने. त्याचं नाव बेर्नार्ड इग्नात्स मार्तिनित्स. यारोस्लाव्ह मार्तिनित्सचा मुलगा.

मीनल_नाशिक

खिडकीतून फेकलेल्या त्या मार्तिनित्सचा?

दस्तऐवज

हो, त्याचाच.

वसईची_लेक

हे मला माहीत नव्हतं. मुकुट कोणीतरी उमरावाने दिला एवढंच वाचलं होतं, दोन्ही नावं कधी जोडून पाहिली नाहीत. मूळ लेखात घालते, आणि तुमचा जप्तीवरचा परिच्छेदही.

@मीनल_नाशिक, फेब्रुवारीत यात्रेला मी येतेय. आजीचे तीन झगे आहेत काकूकडे, तेही घेऊन येते.